पिशवीत एक, उशाशी एक

विरारच्या पुढे वेळापत्रक आणि गाडी यांचं नातं जरा सैल होतं. चर्चगेटहून विरारपर्यंत चार मार्ग आहेत. तिथून डहाणू रोडपर्यंतच्या साधारण चौसष्ट किलोमीटरांत वर्षानुवर्षं दोनच, आणि त्यांच्यावरूनच लोकल, मेमू, मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या सगळ्यांनी जायचं. २०१३च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि पालघर-बोईसरकरांना मुंबई जवळ झाली हे खरं. पण मागून एखादी सुपरफास्ट येत असेल तर लोकल बाजूला उभी राहते. किती वेळ, ते मोटरमनलाही ठाऊक नसतं. पालघरहून निघालेल्या माणसाला विरारपर्यंत कधी पस्तीस मिनिटं मिळतात, कधी तासभर. बसायला जागा मिळेल की दारापाशी लोंबकळावं लागेल, तेही नशिबावर.

अशा वेळेत वाचायची पुस्तकं वेगळी असतात. बारीक टायपाची सातशे पानांची कादंबरी एका हाताने दांडी धरून वाचता येत नाही. म्हणून या मार्गावर वाचणाऱ्यांच्या पिशवीत बहुधा एक पातळ पुस्तक असतं, कथासंग्रह, ललितलेख किंवा एखादं मासिक. जाडजूड घरी उशाशी पडलेलं असतं. कुणाच्या कानात हेडफोन असतो आणि २०१७ साली भारतात आलेल्या स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवर तिसरंच पुस्तक चालू असतं. विचारलं की हीच मंडळी ओशाळून सांगतात, “काय करणार, दोन-तीन पुस्तकं एकदम काढलीत, एकही धड होत नाही.”

हे ओशाळणं कशासाठी, हा माझा प्रश्न आहे. पुस्तक एक घ्यावं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचावं, मगच दुसरं उघडावं, हा नियम आपल्याकडे कुणी, कधी घातला? शाळेने तर नाहीच. पहिलीपासून मराठी, गणित, इंग्रजी अशी पुस्तकं आपण रोज पाळीपाळीने उघडत आलो. भूगोलाचं पुस्तक जूनमध्ये संपवून जुलैत इतिहासाला हात घालणारी शाळा कुणी पाहिलेली नाही.

देवघरातही हा नियम नव्हता. पोथ्या वाचायच्या दोन रीती आपल्याकडे शेजारी-शेजारी नांदल्या. एक पारायणाची: सप्ताह मांडायचा, सात दिवसांत गुरुचरित्र किंवा ज्ञानेश्वरी पुरी करायची, मध्ये दुसरं काही नाही. दुसरी नित्यपाठाची. त्यात संध्याकाळी हरिपाठ, सकाळी दासबोधाचा एक समास, श्रावणात त्यावर शिवलीलामृत किंवा हरिविजय. दासबोधाचे वीस दशक, प्रत्येकात दहा समास. रोज एक म्हटला तर पुरे दोनशे दिवस लागतात. त्या दोनशे दिवसांत घरात आणखी चार पोथ्या सुरू होत, संपत, पुन्हा सुरू होत. एकीतली ओवी दुसरीत गेली अशी तक्रार आजीने केलेली आठवत नाही. प्रत्येक पोथीला तिची वेळ होती, तिची जागा होती, बहुतेकदा तिची चालही होती. आपण बोलताना पारायणाचा मान ठेवला आणि नित्यपाठाला वाचन म्हणायचंच विसरलो.

पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वसईत, याची आणखी एक बाजू दिसते. तिथल्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा मराठीत होते, आणि तिच्यात एका बैठकीत बायबलमधल्या वेगवेगळ्या पुस्तकांचे उतारे वाचले जातात: जुन्या करारातून एक, मग स्तोत्र, मग बहुधा एखादं पत्र, शेवटी शुभवर्तमान. ही वाचनं तीन वर्षांच्या चक्रात लावलेली आहेत. जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये ती पद्धत १९६९ साली आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तो ग्रंथ घरी आणून पहिल्या पानापासून सलग वाचायला घेणारे बहुतेक जण नियमांनी भरलेल्या ‘लेवीय’ या पुस्तकापाशी अडकतात. उतारे जोडून वाचणारे वर्षानुवर्षं वाचत राहतात.

छापील मराठी कादंबरीही तुकड्यातुकड्यांनी वाचली गेली. हरि नारायण आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यात क्रमाक्रमाने आली. नायिका यमूचं पुढे काय झालं हे कळायला तेव्हाच्या वाचकाला आठवडाभर थांबावं लागे, आणि तो आठवडा तो काही रिकामा बसून काढत नसे. पुढे १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला आणि वर्षातून एकदा एकाच वेळी दहा-पंधरा अंक अर्धवट वाचून ठेवायचा परवानाच आपल्याला मिळाला. दिवाळी अंक कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी ओळखीचं नाव शोधायचं, मग व्यंगचित्रं, मग भविष्य, आणि दीर्घकथा उरते ती नाताळात.

ग्रंथालयांनी तर ही सवय नियमात बसवली. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, तेव्हा पालघर, बोईसर, डहाणू हा सगळा ठाणे जिल्हाच होता. वेगळा पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकाबरोबर मासिक घरी न्यायची सोय असलेली वर्गणी जुनी आहे. मासिक लवकर परत करायचं, पुस्तकाला जास्त दिवस. म्हणजे एकाच पिशवीत दोन वेगळ्या मुदतींचं वाचन. ग्रंथपालांनी घालून दिलेला हा हिशेब कुठल्याही मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याहून सरस आहे असं माझं मत आहे. का, ते पुढे येईलच.

मराठीत या वाचनाचा सगळ्यात मोकळा दस्तऐवज म्हणजे सतीश काळसेकरांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’. २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. काळसेकर कवी, चळवळीतले, आणि हाडाचे वाचक. त्या रोजनिशीत पुस्तकं ओळीने येत नाहीत. एका पुस्तकावरून दुसऱ्याची आठवण, त्यावरून एखादं नियतकालिक, मग माणूस, मग गाव. वाचन म्हणजे रांग नव्हे, गोतावळा आहे, हे त्यांनी कुठलाही सिद्धान्त न मांडता दाखवलं. हे पुस्तकही कुठूनही उघडता येतं आणि दुसऱ्या चार पुस्तकांबरोबर छान चालतं.

बाहेरच्या जगात एकदम अनेक पुस्तकं वाचायच्या हौसेपायी यंत्रंसुद्धा सुचली. इटालियन अभियंता आगोस्तिनो रामेल्ली याने १५८८ साली पॅरिसमध्ये यंत्रांचं एक देखणं पुस्तक छापलं. त्यात पाणी उपसायच्या यंत्रांबरोबर एक पुस्तकचक्रही आहे: माणसाएवढं उभं लाकडी चाक, त्यावर तिरपे फळे, प्रत्येक फळ्यावर उघडा ग्रंथ. वाचकाने खुर्चीत बसून चाक फिरवायचं, हवा तो ग्रंथ समोर येतो. आतली दातेरी चाकं अशी की फळे कलत नाहीत आणि ग्रंथ पडत नाहीत. गाउटच्या दुखण्याने त्रासलेल्यांना हे सोयीचं पडेल अशी शिफारसही त्याने केली होती.

आता डोक्यात काय होतं ते पाहू. आपल्याला भीती असते ती दोन पुस्तकं एकमेकांत मिसळण्याची आणि धागा तुटण्याची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

धागा तुटण्याचं आधी. वाचलेलं वाक्य शब्दशः डोक्यात फार वेळ राहतच नाही. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ साली प्रयोगातून दाखवलं की उतारा थोडा पुढे गेला की वाक्याची रचना बदलून दिली तर ऐकणाऱ्याला कळत नाही, पण अर्थ बदलला तर लगेच कळतो. म्हणजे आपण साठवतो तो अर्थ: कोण, कुठे, कधी, कशासाठी, कशामुळे. शब्द गळून जातात आणि त्या प्रसंगाचा नकाशा उरतो. हा नकाशा दीर्घकालीन स्मृतीत असतो, त्यामुळे पुस्तक मिटल्यावर तो पुसला जात नाही. १९८०च्या दशकात मरे ग्लँझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचणाऱ्यांना वाक्यावाक्याला अडवून दुसरंच काम दिलं. परत आल्यावर पहिलं वाक्य वाचायला सेकंदाच्या अंशाइतका जास्त वेळ लागला, समजण्यात मात्र फरक पडला नाही. अर्थात हे खंड छोटे होते. आठवडाभर मिटलेल्या कादंबरीला हाच निकाल जशाच्या तसा लावणं बरोबर नाही. नकाशा पुसला जात नसला तरी त्यावर धूळ बसते.

ही धूळ झटकायची रीत साधी आहे, पण बहुतेक जण उलटं करतात. पुस्तक पुन्हा हातात घेतलं की ते मागची दहा पानं चाळतात. त्याऐवजी पुस्तक न उघडता मिनिटभर आठवायचं: कुठे होतो, कोण कुणावर रागावलं होतं, आपल्याला काय खटकलं होतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून काढणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ही त्यातली गंमत. सलग वाचणाऱ्याला आठवून काढायची वेळ फार येत नाही. दोन-तीन पुस्तकं फिरवणाऱ्याला ती रोज येते. तो खंड तोटा समजला जातो, आणि नीट वापरला तर तोच नफा आहे.

मिसळण्याची गोष्ट मात्र खरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं स्मृतिसंशोधन एक मुद्दा ठामपणे सांगतं: नव्याने शिकलेलं जुन्यात ढवळाढवळ करतं, आणि दोन्ही जितकी सारखी तितकी ती जास्त होते. १९३१ साली मॅगेऑक आणि मॅक्डोनाल्ड यांनी शब्दांच्या याद्या पाठ करायला लावून हे मोजलं. मधल्या वेळेत समानार्थी शब्द शिकवले तेव्हा मूळ यादी सर्वांत जास्त विसरली गेली. आकडे शिकवले तेव्हा खूपच कमी.

मराठी वाचकाला याचं भाषांतर करून सांगायला नको. ‘पानिपत’ आणि ‘स्वामी’ एकाच आठवड्यात वाचायला काढा. विश्वास पाटलांचा राघोबादादा आणि रणजित देसाईंचा राघोबादादा एकमेकांची वाक्यं बोलू लागतील. एकीकडे १७६१च्या जानेवारीत रण पेटलेलं, दुसरीकडे त्यानंतरचा पेशवा माधवराव. तीच घराणी, तेच वाडे, तीच निष्ठा आणि तीच कुरबुर. बाबूराव अर्नाळकरांच्या दोन रहस्यकथा एकाच वेळी काढल्या तर खून कुठल्या बंगल्यात झाला आणि वेषांतर कुणी केलं याचा मेळ शेवटपर्यंत लागायचा नाही. पण ‘स्वामी’बरोबर मधमाश्यांवरचं पुस्तक वाचा, काही बिघडत नाही. वेगळ्या डब्यांतल्या वेगळ्या भाज्या एकमेकींचा वास घेत नाहीत.

ग्रंथालयाच्या त्या जुन्या जोडीचं कौतुक म्हणूनच केलं. एक पुस्तक, एक मासिक: आकार वेगळा, मुदत वेगळी, सूर वेगळा. सारखेपणा आपोआप टळतो.

तिसरी अडचण कमी बोलली जाते. सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. पहिलं वेळेच्या दडपणाखाली पुरं करून उठलं तर हा गुंता कमी होतो, नुसतं पुरं करणं पुरत नाही. त्यांचे प्रयोग कामांवरचे, पुस्तकांवरचे नव्हेत, पण अनुभव जुळतो. प्रकरणाच्या ऐन मध्यावर पालघर स्टेशन आलं म्हणून पुस्तक मिटलं तर घरी गेल्यावर दुसरं उघडूनही मन डब्यातच राहतं. म्हणून प्रवासाला छोट्या मुक्कामांचं पुस्तक बरं: कथा, लेख, पत्रं, कविता. गाडी रखडली तर आणखी एक लेख, वेळेवर पोचली तर कुठेही अपुरं नाही. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात असं ब्लुमा झायगारनिक यांचं १९२७चं निरीक्षण या ठिकाणी हटकून सांगितलं जातं. पुढच्या प्रयोगांत तो परिणाम नेहमी सापडलेला नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर कादंबरी अर्ध्यात सोडू नये.

बोईसरला या सगळ्याला आणखी एक पदर आहे. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांत पाळ्या बदलतात. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. “रोज रात्री झोपण्यापूर्वी अर्धा तास वाचा” हा सल्ला ज्याची रात्रच दर आठवड्याला जागा बदलते त्याला काय उपयोगाचा? नाईट करून सकाळी परतलेल्या डोळ्यांपुढे वैचारिक ग्रंथ धरणं हा शुद्ध छळ आहे. तिथे विनोदी लेख किंवा ओळखीचं, एकदा वाचून झालेलं पुस्तक चालतं. सेकंड शिफ्टवाल्याची सकाळ मात्र निवांत असते, घर रिकामं असतं, मुलं शाळेत गेलेली असतात. जाड पुस्तकाची ती खरी वेळ. म्हणजे पाळीनुसार पुस्तक बदलायचं. एकच पुस्तक धरून बसणाऱ्याचं वाचन पाळी बदलली की थांबतं. दोन-तीन हाताशी ठेवणाऱ्याचं चालू राहतं. शिवाय इथल्या कित्येक घरांत वाचनाच्या भाषाही दोन-तीन आहेत: मराठी, हिंदी, गुजराती, त्यावर मुलांची इंग्रजी. वेगळ्या भाषेतली दोन पुस्तकं एकमेकांत मिसळण्याची शक्यता तशीही कमी.

किती पुस्तकं हा प्रश्न उरतो. मी आकडा सांगणार नाही, पण कसोटी सांगता येते. पुस्तक बंद असताना त्यातलं आपण कुठे आहोत हे सांगता आलं तर ते चालू आहे. आठवतच नसेल तर ते चालू नाही, टाकलेलं आहे, आणि टाकलेलं पुस्तक ग्रंथालयात परत करावं. दुसऱ्या कुणाची तरी पाळी असते.

सारखी पुस्तकं टाळावीत असं वर म्हटलं, त्याला एक अपवाद आहे आणि तो मोलाचा आहे. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट बियॉर्क यांनी २००८ साली बारा चित्रकारांची प्रत्येकी सहा चित्रं लोकांना दाखवली. काही चित्रकारांची सगळी चित्रं सलग, काहींची इतरांमध्ये मिसळून. नंतर नवी चित्रं दाखवून ही कुणाची असं विचारलं तेव्हा मिसळून पाहिलेल्या चित्रकारांची शैली जास्त ओळखता आली. बहुतेकांना मात्र वाटत होतं की सलग पाहिलेलंच बरं होतं. चित्रं आणि पुस्तकं एक नव्हेत. तरी शेजारी ठेवल्याने फरक दिसतो ही गोष्ट वाचकाला लागू पडते. कथानक लक्षात ठेवायचं असेल तर सारखी पुस्तकं लांब ठेवावीत. दृष्टी ओळखायची असेल तर मुद्दाम जवळ आणावीत, आणि तेव्हा हातात पेन्सिल असावी, कोण काय म्हणालं ते टिपायला.

यासाठी पालघर जिल्ह्याइतकी चांगली जोडी दुसरीकडे क्वचित मिळेल. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या अनुताई वाघांचं ‘कोसबादच्या टेकडीवरून’. दोन्ही अनुभवांचं वर्ष एकच, १९४५. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरीला वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार व लग्नाच्या कर्जापोटी येणारी लग्नगडीची गुलामी झुगारायचं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. त्याच वर्षी तिथून फार दूर नसलेल्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत कारण गुरं राखायला जातात, म्हणून शाळाच कुरणावर न्यायची, ही कुरणशाळा तिथली.

तोच डोंगर, तेच लोक, तीच वर्षं. एकीच्या पुस्तकात सावकार, जमीनदार, लाल बावटा, तुरुंग. दुसरीच्या पुस्तकात मुलांच्या अंगावरची खरूज, अंघोळ, गाणी, मातीची खेळणी. एकेक सलग वाचलं तर दोन्ही आपापल्या जागी पुरी वाटतात. एका आठवड्यात आलटून पालटून वाचलं की दोघींची नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही ते दिसू लागतं. एक माणसाला उभा करू पाहते आणि त्याचं पोर कडेवर घ्यायला तिला सवड नाही. दुसरी पोराला न्हाऊ घालते आणि त्याच्या बापाच्या मजुरीचा लढा तिच्या चौकटीच्या कडेला राहतो. कोण बरोबर, हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. दोघीही बाहेरून आलेल्या, शिकलेल्या, आणि दोघींनीही आयुष्य तिथेच घातलं.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवल्यावर मला एक प्रश्न पडला, जो एकेकट्या पुस्तकाने पाडला नव्हता. झरीच्या सभेला गेलेल्या बापाचं पोर पुढे कुरणशाळेत बसलं होतं का? बसलं असेल तर घरी परतल्यावर त्या दोघांचं काय बोलणं व्हायचं? ते सांगणारं तिसरं पुस्तक वारली घरातूनच यायला हवं, आणि ते कुठे आहे याची चौकशी आता ग्रंथालयात करायची आहे.